अळूचा भाऊबंद

मनी प्लांट मागून लावायचा नसतो म्हणतात,
चोरावा लागतो.
मी चोरला मिरजेच्या बँकेतून,
पासबुक भरून घेताना, दोन पानांचं कांडं,
डब्याच्या रुमालात गुंडाळून.
पैसा काही आला नाही.
वेल मात्र हॉर्लिक्सच्या बाटलीतून निघाला
तो फ्रीजवरून, कॅलेंडरच्या खिळ्यावरून
थेट खिडकीच्या गजांपर्यंत.

मांजर नंतर आलं.
मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत
पोत्यांमागे सापडलेलं, इतकं पिवळं
की तोलाईचे भीमा बंडगर म्हणाले,
"ही राजापुरी. दर चांगला येईल."
तेच नाव राहिलं.

परवा रात्री भाकरी थापताना बघते तर
राजापुरी फरशीवर तोंड घासतेय,
लाळेची दोरी लोंबतेय,
पंजानं जीभच उपटून काढायला निघालीय.
वेलाच्या शेवटच्या पानाला
नखाएवढा चावा.

तवा उतरवला, हात पिठाचे तसेच.
तिला पिशवीत घातलं, डोकं बाहेर.
"विश्रामबाग. जनावरांचे डॉक्टर."
रिक्षावाला आरशातून म्हणाला, "मांजरासाठी?"
"तू रस्ता बघ."

डॉक्टर आवटी झोपायच्या बेतात.
जन्मभर म्हशी पाहिलेला माणूस.
"पोटातनं तार काढलीय मी, खिळे काढलेत,
एकदा मंगळसूत्राची वाटी.
मनी प्लांट पहिल्यांदाच."
मग चष्मा लावून जाडं पुस्तक उघडलं,
बोट ओळीवरून सरकत गेलं, थांबलं.
"अळू चिरलंय ना कधी? हात खाजतात?
त्याचाच हा भाऊबंद.
पानात सुया असतात, दिसत नाहीत.
त्या रुतल्यात. मरणार नाही ती.
ओल्या फडक्यानं तोंड पुसा, पाणी ठेवा.
सुजलं, श्वास लागला, तर मध्यरात्रीही या.
घरात लिली आहे?"
"नाही."
"आणूही नका. तिथं मग माझ्या हातात फार काही नाही."

अळूला आपण चिंच घालतो,
गूळ, दाणे, हरभऱ्याची डाळ,
आणि पंगतीत पुन्हा पुन्हा मागून घेतो.
कुणीतरी पहिल्यांदा ते कच्चं खाल्लं असेल,
असंच तोंड घासलं असेल कृष्णेकाठच्या दगडावर,
आणि दुसरं कुणी रात्रभर बघत बसलं असेल
काय द्यावं ते न कळून.
माणसाला चिंच सापडली.
मांजराला चिंच नाही.

पहाटे ती पाणी प्याली. शिंकली.
मग माझ्याकडे अशी बघितली
जणू पान मीच खाल्लं होतं.

कात्री चालवताना वाईट वाटलं.
सहा वर्षांत त्यानं मागितलं काय,
आठवड्याला पाणी बदल, एवढंच.

बाटली यार्डातल्या ऑफिसात नेली.
"कुणाला हवाय का?"
कुणी हात लावेना.
दिलेला लाभत नाही म्हणे.
मग खिडकीत ठेवली आणि पाठ फिरवून
हिशोबाला बसले.
संध्याकाळपर्यंत तीन कांडी गायब.

रात्री झोप लागेना.
चोरांपैकी कुणाच्या घरी काय पाळलंय
मला काय ठाऊक?
सकाळी बाटलीला चिठ्ठी बांधली:
*घरी मांजर असेल तर चोरू नये.*

पुढच्या सोमवारी बघते तर
बाटलीत एक कांडं परत आलंय,
बारीक मूळ फुटलेलं.