निव्वळ

सावद्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळीला मी असतो.
केळीचे ट्रक येतात, दिल्लीकडे निघालेले,
लोखंडी पाटावर उभे राहतात, इंजिन बंद,
लाल आकडे थरथरत थरथरत एका जागी बसतात.
दोन ट्रकांच्या मध्ये मोबाइल वाजतो.

"काका, पाचवं जमत नाही."
"काका, यात क्ष दोनदा का आला?"
"फक्त उत्तर टाका, लवकर."

बी.एस्सी. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, फैजपूरला.
कारण आता सांगण्यासारखं राहिलेलं नाही.
भाच्यासाठी एकदा पावतीच्या पाठीवर गणित सोडवलं,
फोटो काढून धाडला,
तो त्याने वर्गात दाखवला, आणि माझा नंबर
रावेर, यावल, कुठे कुठे जाऊन आला.
मी अजून सावद्यातच.

मुलं मला दिसत नाहीत. वह्या दिसतात,
आणि वहीच्या कडेला चुकून जे येतं ते:
चिकाने काळं पडलेलं अंगठ्याचं नख,
ताटलीत अर्धी कळण्याची भाकरी,
पैंजणाचा एवढासा पाय,
एकदा तर बकरीची नुसती दाढी, आणि खाली लिहिलेलं,
"शेवटचं पद हिने खाल्लं. अंदाजे धरा."
मी सहा धरलं.
दोन आणि तीन निघाले, सुरेख.

चिनावलचा ओजस नेहेते विचारायचा,
बरोबरच्या पलीकडे गेल्यावर अधिकचं उणे का होतं.
तीन वेळा विचारलं त्याने. तिसऱ्यांदा मी त्याला
काट्याची पावतीच पाठवली.
भरलेली गाडी चौदा हजार आठशे साठ,
रिकामी पाच हजार दोनशे चाळीस.
नुसती केळी इथे कधीच येत नाही रे,
ट्रकात बसूनच येते.
ट्रक दोन्हीकडून काढायचा.
उरतं ते निव्वळ.
त्याने अंगठा पाठवला. कळलं की कंटाळला,
अंगठ्यावरून सांगता येत नाही.

हसीना तडवी वर पालला राहते.
पाण्याच्या टाकीजवळ गेली तरच तिला रेंज,
म्हणून दिवसभराचे प्रश्न दहाच्या सुमारास
एकदम खाली उतरतात, सातपुड्यातून मेंढरं उतरावीत तसे.
त्या रात्री भिंग होतं.
वस्तू तीस सेंटीमीटरवर, नाभीय अंतर वीस.
मी घाईत होतो, मागे हॉर्न,
"काय करी र्‍हायना भो, झोपना का?"
बारा, असं लिहून मोकळा झालो
आणि पाटावर गाडी घेतली.

गाडी गेली. तिचा निरोप आलेला होता.
"पुस्तकात साठ आहे.
वस्तू डावीकडे आहे ना काका, मग तीस उणे.
तुम्ही चिन्ह विसरले."
आणि मिनिटभराने, "मीपण विसरते."

सोबत आकृती. पेन्सिलीची.
तिच्या पट्टीला कुठेतरी खाच असणार,
कारण प्रत्येक किरणाला एकाच ठिकाणी छोटासा गचका होता,
तरी सगळे किरण
भिंगातून वाकून जिथे पोचायचे तिथेच पोचले होते,
आणि तिथे एक बाण, डोक्यावर उभा.
खाली शुद्ध अक्षरात:
प्रतिमा उलटी, दुप्पट मोठी, वास्तव.

मी पुन्हा मांडून पाहिलं. साठच.
"बरोबर तुझं," एवढंच लिहिलं.
एकच खूण दिसत राहिली.
टाकीवरून ती घरी गेली असणार.

अडीच वाजता रस्ता रिकामा.
पाटावर काही नव्हतं, तरी आकडा शून्य नव्हता,
वीस दाखवत होता.
केळीची ओली पानं, माती, कुठल्या तरी टायरचा चिखल.
हे वीस किलो आज किती जणांच्या पावतीत गेले असतील,
हा हिशोब कोणी विचारला नव्हता.
मी उठलो. कोपऱ्यातून खराटा घेतला.