खोटा पत्ता

पहिला प्रयोग वाल्पाराइसोत, गोदी कामगारांच्या सभागृहात,
सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये. प्रेक्षक एकवीस.
त्यातले दोघे युनियनची बैठक समजून आलेले,
शेवटपर्यंत टोप्या मांडीवर धरून बसले.

दिवे माझ्याकडे. दिवे म्हणजे दोनच.
एक मासळीबाजारातून उसना आणलेला;
तापला की पुढच्या तीन रांगांना खवल्यांचा वास.

मंचावर खुर्ची, काडेपेटी आणि झुनिल्दा ओयार्सो.
नवरा ती, वकील ती, टंकलेखिका ती,
आणि एका जेवणावर मिळणारा साक्षीदारही तीच:
"शपथेवर सांगतो, लग्नाच्या दिवशी
ही बाई त्या गल्लीत राहतच नव्हती.
सबब, नोंदणी करणाऱ्याला अधिकार नव्हता.
सबब, लग्न झालंच नाही."

घटस्फोट नव्हता आमच्या देशात. ही एवढी फट होती.
बारा वर्षं, दोन मुलं, एक शिवणयंत्र,
सगळं एका खोट्या पत्त्याने पुसून टाकायचं.

मग ती पेटीतून काडी काढायची.
पेटवायची नाही. मोडायची.
तेवढासा आवाज, पण बाल्कनीपर्यंत जायचा.
पडदा पडल्यावर मंच झाडताना
मी ते दोन तुकडे उचलून
पीचच्या मुरंब्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचे.
का, ते मला तेव्हा कुणी विचारलं नाही.

ताल्कात पाद्रीबाबांकडून ऐनवेळी सभागृहाची किल्ली हरवली.
बेकरीत केला प्रयोग, भट्टीच्या उजेडात.
पीठ चाळणाऱ्या बाया हसून हसून पांढऱ्या झाल्या.
लोतात खाणीतली माणसं हूं की चूं न करता उठून गेली;
सकाळी त्यांच्या बायका आमच्या दारात,
नाटकाबद्दल अवाक्षर नाही, एकच चौकशी:
तो वकील कुठे भेटतो?
चिलोएच्या बोटीवरून खुर्ची समुद्रात पडली.
तेव्हापासून झुनिल्दा सगळं उभ्याने करू लागली,
आणि एका समीक्षकाने त्या उभं राहण्यावर
दोन रकाने लिहिले.

त्र्याण्णवमध्ये तिचा नवरा आला. तिकीट काढून, चौथ्या रांगेत.
नंतर विंगेत येऊन म्हणाला,
"घर नंबर चुकतेस तू. आपण एकशे सहात राहायचो."
ती तोंडावरचा रंग पुसत म्हणाली,
"माहीत आहे. नाटकाचं नाव वाचलं नाहीस का?"
तो हसला. वाईट माणूस नव्हता.
पण कागदोपत्री अजून तोच तिचा नवरा होता,
कारण खोटी साक्ष द्यायला ती रोज तयार असायची,
फक्त मंचावर.

मग दोन हजार चारचा नोव्हेंबर. कायदा आला.
त्या आठवड्यात सांतियागोत हाऊसफुल्ल,
पण लोक भलत्याच जागी हसले.
जिथे आजवर श्वास अडकायचे, तिथे खोकले.
निर्माता म्हणाला, बाई, आता हे ऐतिहासिक नाटक झालं.
पोशाख भाड्याने द्यायचे का?

डिसेंबरात आम्ही दोघी कोर्टात गेलो.
खिडकीतल्या मुलाने मान वर न करता विचारलं,
"पत्ता?"
सतरा वर्षं, चारशे अकरा प्रयोग,
आणि झुनिल्दाला शब्द सापडेना.
ओठ हलले. आवाज नाही.
मी मागून हळूच प्रॉम्प्ट केलं.
खरा.
आमचा.

आता ती नाही. नाटक आहे.
पुंता अरेनासला रायेन नावाची मुलगी करते,
छान करते, साक्षीदाराला जरा जास्तच तोतरा करते.
परवा एका विद्यार्थ्याने विचारलं,
"तो माणूस खोटं का बोलतो? सरळ अर्ज का नाही करत ती?"
रायेनने माझ्याकडे पाहिलं. मी दिव्याची वायर गुंडाळत होते.

अग्निशमनवाले मंचावर काडेपेटी चालू देत नाहीत.
मोडल्याचा आवाज आता ध्वनिमुद्रित आहे,
अगदी वेळेवर येतो, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत.
प्रयोग संपला की सवयीने
मी झाडू घेऊन मंचावर जाते.