जावक

बोरीकाठी, जुन्या जिनिंगच्या मागं,
नगरपालिकेच्या बागेत एक तरस होतं.
माझ्या नोंदवहीत ते असं होतं:
अनुक्रमांक एकोणीस, पट्टेरी, मादी.
आवक: कोरड्या विहिरीतून.
जावक: रिकामं.

विहिरीतून तीन पिल्लं काढली होती,
दोन वाटेतच गेली.
उरलेलीचं नाव सुपडूनं ठेवलं, दगडी.
सुपडूचं स्वतःचं नाव कसं पडलं
हे खानदेशात कुणाला सांगायला नको.
आधीची भावंडं जगली नाहीत,
म्हणून आईनं सुपात घालून लोळवलेलं;
मरणाला वाटावं, पाखडून उरलेलं काहीतरी आहे,
उचलण्याजोगं नाही.
युक्ती लागू पडली. दोघांनाही.
दगडी अठरा वर्षं जगली,
बारा फूट बाय नऊ फुटांत.

मी हिशेबाचा माणूस.
रोज अडीच किलो बडं, मंगळवारी लंघन.
मे महिन्यात, पारा सेहेचाळिसावर गेला की
गोणपाट भिजवायला दोन पिंप पाणी जादा.
फरशीवर तिच्या चालण्याची वाट पडली होती,
आठाच्या आकड्यासारखी.
आपला ८ नव्हे, तो एका बाजूनं उघडा असतो.
इंग्रजी.

शाळा सहलीला यायच्या. तिकीट दोन रुपये.
गुरुजी सांगायचे, तरस हसतं,
आणि पोरं खडे मारायची, हस ना, हस ना.
हसणारं तरस आफ्रिकेतलं.
आमचं मुकं.
पण पाटीवर ‘हसणारा प्राणी’ मीच रंगवून घेतलं होतं,
पेंटरचं बिल एकशे दहा.

मुलगी माहेरी आली की विचारायची,
काय केलं होतं हो तिनं?
मी म्हणायचो, बाहेर असती तर मेली असती.
खोटं नव्हतं ते. अजूनही नाही.
फक्त, बाहेर असलेल्या प्रत्येकाला
ते वाक्य लागू पडतं,
मलासुद्धा,
हे सुचायला मला निवृत्तीचं वर्ष लागलं.

त्या वर्षी पौषात, सकाळी सातला,
सुपडू ऑफिसच्या दारात. हातात झाडू तसाच.
“साहेब, दखा जरा, चला.”
पिंजऱ्याच्या मागं, गवतात,
एका काडीवर पिवळसर चिकटा.
जाळीच्या बाहेरच्या अंगालाही, गुडघ्याइतक्या उंचीवर.
सुपडूनं वाकून वास घेतला, जसा कुणी खरबुजाचा घेतो.
“हाऊ वास तिना नही. दुसराना शे.”

डोंगर इथून पस्तीस किलोमीटर.
मधे हायवे, कापसाची वावरं, कुत्री,
रेल्वेचं फाटक.
“आपन म्हनूत, तिले कोनी नही,”
सुपडू म्हणाला, आणि पुढचं बोलला नाही.
दगडी आठ सोडून
मागच्या कोपऱ्यात बसली होती,
जाळीला नाक लावून.
त्या मंगळवारी तिला लंघन आहे हे तिच्या लक्षातच नव्हतं.

मी नोंदवही उघडली.
मृत्यूला रकाना होता, जन्माला होता,
लसीला, बदलीला.
भेटीला नव्हता.
शेवटी तिकीट-वहीत, तारखेपुढं,
पेन्सिलीनं लिहिलं:
प्रेक्षक, एक. विनातिकीट.
दुसऱ्या दिवशीही एक.
तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी पहाटफेरी मंडळाचा अर्ज आला,
सत्तावीस सह्यांचा:
बागेत उग्र दर्प येतो, बंदोबस्त व्हावा.
अर्ज रीतसर होता. सुपडूनं ऐकून घेतलं,
बादली उचलली नाही.
दुसरा माणूस लावला.
जाळी आतून-बाहेरून घासली,
गवत मुळापासून कापलं.

फिनाईल, पाच लिटर.
बिल मंजूर केलं, सही माझी.
वही अजून कपाटात असेल,
कुणी पाहिली तर दिसेल,
पेन्सिल पुसट झाली आहे,
सही नाही.