शंभरात पंचेचाळीस

एप्रिलच्या मध्यावर अंदाज येतो,
तेव्हा तुर्भ्याच्या दाणा बाजारात
दुपारचा चहा अर्धा झालेला असतो.
लखमशी शेठ चष्मा कपाळावर सरकवतात,
फोन हातभर लांब धरून वाचतात:
सरासरीपेक्षा कमी पाऊस,
शक्यता शंभरात पंचेचाळीस.
मग उरलेला चहा तसाच ठेवून
गोदामाकडे बघत बसतात.

मी मापाडी. एकोणीस वर्षं काट्यापाशी.
परखी पोत्यात खुपसून काढली
की मुठीत तालुका येतो.
टपोरी, तेलकट चमकेची तूर –
तिथे ऑक्टोबरात एक सर झाली होती.
सुरकुतलेली, एका अंगाने चपटी –
फुलोऱ्यात असताना
तिला कुणी पाणी विचारलं नाही.
अंदाज पुढचं सांगतो.
मला मागचंच वाचता येतं.

रात्री अनशीचा फोन.
चुलत बहीण, जतच्या पूर्वेला,
चार एकर, त्यातलं निम्मं मुरमाड.
"तू बाजारात असतोस. काय म्हणतायत यंदा?"
शंभरात पंचेचाळीस, मी म्हणालो.
"म्हंजे?"
म्हणजे अशी शंभर वर्षं आली, तर त्यातली पंचेचाळीस...
"मला एकच येणाराय," ती म्हणाली.
मागे शेळी ओरडत होती.
अगं, उरलेल्या पंचावन्नात बरंही होईल.
"हुईल की. पण कुणाच्या रानात?"

याचं वजन करायला
माझ्याकडे काटा नव्हता.

मग जे सांगायला नको ते सांगितलं.
शेठनी जुनी तूर विकायची थांबवलीय.
साडेतीनशे पोती. थप्पी पार पत्र्याला टेकलीय.
उंदरांसाठी दोन मांजरं आणलीत.
ती बराच वेळ गप्प.
"मांजरं आणलीत?"
हो.
"मग कळलं."

जुलैत इकडे गल्लीत गुडघाभर पाणी.
खालचा थर भिजला, ताडपत्र्या कमी पडल्या,
वीज गेली, पंप बंद.
कोंडीराम माथाडी पँट वर ओढून म्हणाला,
"यातला एक टँकर भरून न्या की कुणी आमच्याकडं."
कुणी हसलं नाही. कोंडीराम माणचा.
संध्याकाळी पाणी आपल्या वाटेनं
खाडीत निघून गेलं.

अनशीनं तूर पेरली नाही.
हुलगा टाकला, बांधाच्या कडेनं मटकी.
"घोडं बांधलंय का दारात?" शेजाऱ्यांनी विचारलं.
ऑगस्ट कोरडा गेला. सप्टेंबरही.
ऑक्टोबरात चार दिवस पडला, उशिरा,
हसणाऱ्यांच्या रानातही पडला.
तूर कुणाची निम्मी आली, कुणाची तेवढीही नाही.

आणि भाव चढणार चढणार म्हणताना
न्हावाशेव्याला आफ्रिकेची तूर उतरली.
शेठच्या थप्पीत तोवर टोके झाले होते.
त्यांनी तो अंदाज कुठे वाचायचा होता,
मला माहीत नाही.

जानेवारीत एक लहानसं पोतं आलं,
तोंड हिरव्या लुगड्याच्या काठानं शिवलेलं.
अलिबागचा दुकानदार वाकून म्हणाला,
"अरे वा, कुळीथ!"
तिकडचा हुलगा घाट उतरताना
नाव बदलून आला होता.
मी परखी घातली नाही. काठ उसवला,
हातानंच मूठ भरली.
बारीक, चपटा, विटकरी, चमक नाही.
या दाण्यानं पाणी मागितलंच नव्हतं.
बेचाळीस किलो, सहाशे ग्रॅम.
आकडा स्थिर होईपर्यंत
मी पोत्यापासून लांब उभा राहिलो.

आता पुन्हा एप्रिल आलाय.
अनशी पावसाचं विचारत नाही.
"मांजरं हायत का रं अजून?" म्हणते.
आहेत, मी सांगतो.
एक व्यालीय. रिकाम्या पोत्यांवर.
ती हिशेब करत असावी,
फोनवर नुसती शेळी ऐकू येते.