नायनाची सुरी

मंगळवारच्या बाजारात, नळांच्या तोट्या
आणि पायडल नसलेल्या शिलाई मशीनच्या पलीकडे
दस्तगीर शिकलगार गोणपाटावर बसतो.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी मी त्याच्यापुढे ठेवली.
"वडिलांची आहे. विलायती.
मिलमधल्या साहेबानं जाताना दिलेली."

त्यानं चष्मा पुसला.
आधी कागदच वाचला, लॉटरीचा जुना निकाल,
मग सुरी बोटावर आडवी तोलली,
नखानं टिचकी मारून कानाशी धरली.
"विलायती असती तर अजून बोलली असती."

सुई तापवून मुठीला टोचली, वास घेतला.
"जळक्या केसाचा वास. शिंगच हाय, म्हशीचं.
एवढं खरं."

नाव शोधायला पातं उन्हात तिरकं धरलं.
"नाव न्हाई. असतं तर झिजलं तरी ठसा राहतो.
पण हे बघा, पाठीजवळ,"
माझं बोट धरून त्यानं लोखंडावरून फिरवलं,
"खरखर लागते? कानशीचे दात हायत ते.
जुनी कानस तापवून ठोकलीय कुणीतरी.
इथलाच लोहार. भवानी पेठेतला म्हणा, कुठला म्हणा."

चाळीस वर्षं तो साहेब आमच्या घरात राहत होता.
नायना पाहुण्यांना त्याची उंची सांगायचा,
टोपी सांगायचा, सुरी काढून दाखवायचा
आणि फडताळात परत ठेवायला
अम्माच्या हातात द्यायचा.

"किती येतील?"
"लोखंडाच्या भावानं वीस. शिंग धरून साठ.
नाव असतं तर पुण्याहून गिऱ्हाईक येतं, दोन हजार देतं.
हल्ली खोटं नावही ठोकून देतात.
मला जमतं. मी करत न्हाई.
म्हणजे, फार वेळा न्हाई."

मी साठ भागिले दोन केले. अंबादास आणि मी.
तो सुरी अजून सोडत नव्हता.

"वडील डावखुरे होते?"
"नाही."
"मग ही त्यांची न्हाई."
धार डाव्या अंगाला उतरलेली त्यानं दाखवली,
शिंगावर अंगठ्याचा खळगा दाखवला, उलट्या बाजूला.
"तीस वर्षं तरी एकाच माणसानं घासलीय.
रोज. आणि चाकावर न्हाई, घरच्या दगडावर."

अम्मा कारखान्यात बिडीची पानं उजव्या हातानं कापायची,
उजव्यानं वाढायची, उजव्यानं कुंकू लावायची.
लहानपणी डावा हात परकराच्या नाडीला बांधून ठेवायचे म्हणे,
हसत सांगितलं होतं तिनं एकदा,
मी तेव्हा अभ्यास करत होते
किंवा पुस्तक उघडं ठेवून बसले होते.

पहाटे चारला मोरीतून खर्र खर्र आवाज यायचा.
मला वाटायचं, घूस.

दस्तगीरनं चाकाचा पट्टा ओढला.
"धार लावून देऊ? दहा रुपये.
दोन्ही अंगं सारखी करून टाकतो."
"नको."
जरा मोठ्यानंच आलं ते.
शेजारचा कुलपंवाला वळून बघायला लागला.
दस्तगीरनं तेलाच्या फडक्यात सुरी बांधून दिली,
पैसे घेतले नाहीत. कागद मात्र ठेवून घेतला.

रिक्षात अंबादासचा फोन.
"काय म्हणाला? विलायतीच ना?"
"साठ," मी म्हणाले.
"हजार?"
आवाज तुटतोय रे, असं काहीतरी सांगितलं.

रात्री कांदा चिरायला ती डाव्या हातात धरून पाहिली.
अंगठा खळग्यात नेमका बसला.
कांदा जाडाभरडा झाला,
एक फोड उडून गॅसखाली गेली.