रांगेत सतरावी

आठला एक सेकंद कमी असताना
मी हिरवं बटण दाबते.
हडर्सफील्डमध्ये अजून उजाडलेलं नाही.
समोर टेकडीवरचे दिवे आहेत, टेकडी नाही.
तुम्ही रांगेत सतराव्या आहात, एक बाई सांगते,
आणि पियानो सुरू होतो. तोच.
सूर वर चढायला लागला की तुटणारा.

पोटात दर महिन्याला ते तांदळाचा एक दाणा पेरतात.
खरंच तेवढाच. सुईच्या बारक्या खिडकीतून
नर्सने दाखवला होता.
एका दाण्याने काय होतंय, आई म्हणाली.
होतं.
नोव्हेंबरात मी खिडकी सताड उघडून उभी,
मानेवरून घाम, आणि निरंजन दोन रजयांत,
काही न बोलता, नाक तेवढं बाहेर.
जिना उतरताना गुडघे कुरकुरतात.
परवा कढईसमोर
झाऱ्याला झारा म्हणतात हे आठवेना.
ते भोकांचं दे, ते भोकांचं, म्हणत राहिले
आणि पुऱ्या करपल्या.
कावळा तर आता फिरकतही नाही,
दुखणं मात्र बसूनच आहे.

सहा महिने, म्हणाले होते डॉक्टर हॅलिवेल.
हा दहावा दाणा.
हाडं तपासायची होती,
कुणी तपासायची ते ठरत नाहीये.
हॉस्पिटल म्हणतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा.
डॉक्टरांकडची गेल म्हणते, हॉस्पिटलला विचारा, लव्ह.
तळ्यात. मळ्यात.
मी उड्या मारते, गुडघे सांभाळून.
मग पत्र: चौदा तारखेला आपण आला नाहीत,
सबब आपलं नाव यादीतून कमी केलं आहे.
चौदा तारखेला या, असं सांगणारं पत्र
त्याच्या मागून आलं, चार दिवसांनी.

आई इचलकरंजीत ब्लाउज शिवते.
तिला आजार असा समजावला:
अस्तर आहे ना, ते आतून लावायचं सोडून
कुणीतरी पाठीवर, बाह्यांवर, सापडेल तिथे
जोडत सुटलंय.
मग उसवायला हवं.
उसवलं ना एकदा, आई. पुन्हा जोडलं त्याने.
ती गप्प. मशीनही गप्प.
मग म्हणाली, मलाही रात्री उकडतं गं हल्ली.
एकाच साली म्हाताऱ्या झालो बघ आपण दोघी.
हसलो. खूपच हसलो.
मी चौतीसची आहे.

आठ एकतीस. आजच्या सगळ्या वेळा संपल्या आहेत.

नऊला मी हेडसेट चढवते.
पाणी कंपनी, तक्रार विभाग.
इथेही पियानो आहे, पण मी त्याच्या पलीकडे.
माझ्या रांगेत बावीस जण.
मार्सडेनचे मिस्टर अ‍ॅक्रॉइड, वय ब्याऐंशी:
स्वयंपाकघरातल्या फरशीखाली पाणी गळतंय.
पडद्यावर सगळं हिरवं.
माणूस दोनदा जाऊन आला, काही आढळलं नाही.
रात्री ऐकू येतं मला, ते म्हणतात,
तुम्हाला म्हातारा चळलाय असं वाटत असेल.
पाच मिनिटं झाली की
यास्मीनच्या टेबलावर लाल दिवा लागतो.
कुठून येतो आवाज, मी विचारते.
थेंब थेंब, की सलग?
सलग, ते म्हणतात, आणि जरा थांबून,
हे कुणी विचारलं नव्हतं.
दिवा लागतो. लागू दे.
रकाने चार: गळती, दाब, बिल, इतर.
‘इतर’मध्ये मी टंकते:
ग्राहकांना ऐकू येतं. माझा विश्वास आहे.

असं लिहीत नाहीत आपण, यास्मीन म्हणाली.
पण खोडलं नाही.

उद्या पुन्हा आठला एक सेकंद कमी.
कोण जाणे, सोळावी असेन.