साडेआठ

समितीच्या खोलीत सोनेरी अक्षरांची फळी आहे:
एकोणीसशे सातपासूनचे विजेते,
मधे दोन युद्धांच्या कोऱ्या ओळी.
तिच्याखाली मी नकाशा उलगडला,
चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप ठेवून,
कारण कागद पुन्हा पुन्हा गुंडाळून घेत होता स्वतःला,
नव्या जावयासारखा.

मोठं मैदान सात हजार यार्डांचं.
माझं, सगळं मिळून, सातशे चाळीस.
त्यांच्या दीड होलात माझं अख्खं मावेल.
हॅल्सॉल, वय चौऱ्याऐंशी, फळीवर त्रेसष्टच्या ओळीत,
म्हणाले, "म्हणजे चौपाटीवर आइस्क्रीमच्या गाडीशेजारी असतं,
तसलं?"
मी म्हटलं, हो, तसलंच.
पण वाळू तुमची.

एन्सडेलची वाळू.
वाऱ्यानं आणून टाकलेली, वाऱ्याला परत हवी असलेली,
मॅरम गवतानं मुठीत धरून ठेवलेली.
सतराव्याच्या मागे, पाइनच्या रांगेपर्यंत,
साठ वर्षं तिथे नुसते चेंडू हरवायचे.
मी बांबू रोवत हिंडले तीन आठवडे.
मला स्वतःला धड खेळता येत नाही
(मुलाखतीत हे कुणी विचारलं नाही).
मला एवढंच कळतं,
कुठे उभं राहिलं की पायांना पुढे जावंसं वाटतं.

खोदयंत्रावर डेनी रिमर.
तीस वर्षं दुसऱ्यांची चित्रं वाळूत उतरवलेला,
सभासद कधीच नव्हता.
प्रत्येक होलापाशी यंत्र बंद करून एकच प्रश्न:
"चुकलेला चेंडू कुठे जाणार?"
पहिल्याला मी पाठ केलेलं उत्तर दिलं, बंकर वगैरे.
तिसऱ्यापर्यंत ते विसरले.
चौथ्याला म्हटलं, "परत. खेळणाऱ्याकडे."
तो काही बोलला नाही.
पण उतार असा ओढला, की लोटी कलंडावी.

एप्रिलमध्ये सहाव्याच्या खोलगटात पाणी साचलं
आणि रात्री बेडूक आले, पाठीवर पिवळी रेघ असलेले,
उड्या न मारता धावणारे.
निसर्ग खात्याची बाई आली गुडघाभर बुटांत,
टॉर्च विझवला, ऐकलं,
म्हणाली, "इथे नाही."
सहावं होल गेलं.

"आठ?" समिती म्हणाली.
"गोल्फमध्ये नऊ असतात, नाहीतर अठरा."
जागा उरली होती स्वयंपाकघराच्या भिंतीमागे,
अठ्ठावीस यार्ड, कोबीच्या वासासकट.
मी म्हटलं, मग तिथे अर्धं.
जात्यावरच्या ओवीला साडेतीन चरण असतात,
शेवटचा अर्ध्यातच थांबतो,
तिथे दळणारी श्वास घेते आणि पुढची मूठ घालते.
हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना,
म्हणून म्हटलं, बजेट.
बजेट सगळ्यांना कळलं.

भोक सव्वाचार इंचांचं. जगभर तेवढंच.
फलटणला शाळेमागे आम्ही टाच फिरवून गल करायचो,
ज्याची जेवढी टाच तेवढी गल,
आणि भांडण आपोआप त्यातच.
लोखंडी साच्यानं शेवटचं भोक कापताना
मी चप्पल घातलेली नव्हती, बूट होते,
तरी टाच वळवळली.

संध्याकाळी रिमरनं खिशातून चेंडू काढला.
काठीबिठी नाही, गुडघ्यावर बसून हातानंच सोडला.
तो भिंतीकडे गेला, चढला, विचार बदलला,
खाली आला,
गलीपासून वीतभर थांबला.

स्वयंपाकघराच्या दारात हॅल्सॉल उभे होते, हातात पेला.
"याचा पार किती?"
खोलगटात बेडूक इतके ओरडत होते
की मला दोनदा सांगावं लागलं:
दीड.

"कार्डावर दीडला रकाना नाही," ते म्हणाले,
पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला,
आणि कोटाचे खिसे चाचपू लागले.